आरोग्य संजीवनी: स्वतःचा धंदा असलेल्याने घ्यावी का?

टेलर, प्लंबर, क्लासेसवाले, फोटोग्राफर, फ्रीलान्स डिझायनर, रिक्षावाले. यांच्या मागे ना कंपनीची ग्रुप पॉलिसी, ना ईएसआयसीचं कार्ड. आरोग्य विमा स्वतः शोधायचा आणि हप्ताही स्वतःच्या खिशातून भरायचा. एजंट समोर तीन-चार चकचकीत ब्रोशर ठेवतो, पण त्यात आरोग्य संजीवनी क्वचितच असते. हप्ता छोटा असला की कमिशनही छोटं, एवढंच त्यामागचं कारण असावं. पॉलिसी मात्र नीट तपासून बघण्यासारखी आहे, आणि तपासल्यावर ती सगळ्यांसाठी नाही हेही कळतं.

विमा नियामक आयआरडीएआयने १ एप्रिल २०२० पासून सगळ्या जनरल आणि हेल्थ विमा कंपन्यांना विकायला लावलेली ही साचेबंद पॉलिसी. मजकूर सगळीकडे एकच आणि नावही एकच, फक्त त्याला कंपनीचं नाव जोडलेलं. रायडर (जादा पैसे देऊन जोडायची कलमं) नाहीत, डिडक्टिबल (बिलाचा आधी स्वतः भरायचा ठरावीक भाग) नाही, 'गोल्ड' आणि 'प्लॅटिनम' असले प्रकार नाहीत. सुरुवातीला विमा रक्कम १ ते ५ लाख होती, आता ५० हजारांपासून १० लाखांपर्यंत मिळते. हप्ता प्रत्येक कंपनी आपापला ठरवते. पण एकाच कंपनीत एकाच वयाच्या माणसाला तो देशभर सारखाच असतो, कारण या पॉलिसीत झोनप्रमाणे दर लावायला परवानगी नाही.

इथेच या पॉलिसीची गंमत आहे. बाकीच्या बऱ्याच पॉलिसींत मुंबईकराला जास्त हप्ता आणि लहान गावातल्याला कमी असतो. इथे दोघांना सारखाच, म्हणजे हप्त्याच्या बाबतीत फायदा मुंबईकराचा. पण खोलीच्या भाड्याची मर्यादा विमा रकमेच्या २ टक्के आणि जास्तीत जास्त दिवसाला ५,००० रुपये आहे. आयसीयूसाठी ५ टक्के, कमाल १०,०००. पाच हजारांत सांगली-साताऱ्याकडे बऱ्याच हॉस्पिटलांत चांगली खोली मिळते, मुंबई-पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलांत स्वतंत्र खोली मिळणं कठीण. म्हणजे दर मुंबईला परवडणारा आणि मर्यादा तालुक्याच्या गावाला परवडणारी. घ्यायची की नाही, हे ठरवताना सगळ्यात आधी हेच बघायचं.

मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली तर फक्त वरचा फरक खिशातून जाईल, असा बहुतेकांचा समज असतो. तसं होत नाही. खोलीचं मंजूर भाडं आणि प्रत्यक्ष भाडं यांचं जे प्रमाण, त्याच प्रमाणात सर्जन, भूल, ऑपरेशन थिएटर आणि डॉक्टरांच्या व्हिजिटचे पैसेही कापले जातात. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांना ही कात्री लागत नाही. खोलीप्रमाणे बाकीचे दर न बदलणाऱ्या हॉस्पिटलातही ती लागू होत नाही.

आकडे मांडून बघू. विमा ५ लाखांचा, चार दिवस ८,००० रुपयांची खोली. खोलीचे ३२,०००, सर्जन-थिएटर-भूल-व्हिजिट मिळून १,२०,००० आणि औषधं-तपासण्या ५०,०००. एकूण बिल २,०२,०००. मंजूर प्रमाण ५ भागिले ८, म्हणजे ६२.५ टक्के. खोलीचे मिळतात २०,०००, सर्जन वगैरेचे ७५,०००. पन्नास हजारांतून मास्क, डायपर, क्रेप बँडेज, नेब्युलायझर किट अशा न मिळणाऱ्या वस्तूंचे समजा ६,००० गेले, उरले ४४,०००. बेरीज १,३९,०००. त्यातून ५ टक्के को-पे, म्हणजे या पॉलिसीत प्रत्येक क्लेममधला ग्राहकाने भरायचा वाटा, ६,९५० वजा. कंपनी देते १,३२,०५० आणि खिशातून जातात ६९,९५०. हाच पेशंट ५,००० च्या खोलीत राहिला असता आणि बाकी दर तेच धरले, तर बिल १,९०,००० झालं असतं, कंपनीने १,७४,८०० दिले असते आणि खिशातून गेले असते १५,२००. खोलीवर चार दिवसांत १२,००० जास्त खर्च केले आणि त्याची किंमत पडली ५४,७५०.

त्यामुळे ॲडमिट होताना इन्शुरन्स डेस्कवर 'कॅशलेस होईल का' एवढंच विचारून थांबू नका. 'दिवसाला ५,००० च्या आतली खोली कोणती, आणि त्यात नर्सिंग चार्जेस धरलेत का' हे विचारा. पॉलिसीच्या मर्यादेत भाडं, बोर्डिंग आणि नर्सिंग हे तिन्ही येतात. ४,५०० ची खोली आणि वेगळे ९०० नर्सिंगचे लावले, की मर्यादा ओलांडली.

रक्कम किती घ्यावी? अडीच लाखांना २ टक्के म्हणजे बरोबर ५,०००. त्याच्या खाली गेलात तर खोलीची मर्यादाही खाली जाते, एक लाखाच्या पॉलिसीत ती फक्त २,००० असते. म्हणून अडीच लाखांच्या आतली रक्कम घेण्यात अर्थ नाही. वर गेलात तर मर्यादा वाढत नाही. दहा लाखांच्या पॉलिसीतही खोली पाच हजारांचीच. आमच्या मते ५ लाख हा इथला योग्य आकडा. त्याहून जास्त संरक्षण हवं असेल तर ५ लाखांच्या डिडक्टिबलचा, खोलीची मर्यादा नसलेला सुपर टॉप-अप, म्हणजे डिडक्टिबलच्या वरच्या बिलाचा विमा, वेगळा घ्यावा. टॉप-अप आणि सुपर टॉप-अप यांत गल्लत नको. सुपर टॉप-अप वर्षभरातल्या सगळ्या बिलांची बेरीज धरतो, साधा टॉप-अप प्रत्येक बिल वेगळं मोजतो.

थांबण्याचा काळ धंदेवाल्यांना खास नडतो. पहिले ३० दिवस अपघात सोडून काहीच मिळत नाही. हर्निया, मूळव्याध, फिशर, मुतखडा, पित्ताशयातले खडे, मणक्याची सरकलेली चकती, व्हेरिकोज व्हेन्स, सायनस, मोतीबिंदू यांना २४ महिने थांबावं लागतं. ही यादी वाचली तर वजन उचलणाऱ्याचे, दिवसभर उभं राहणाऱ्याचे आणि तासन्‌तास सीटवर बसणाऱ्याचे आजार एकामागोमाग सापडतात. दुखायला लागल्यावर पॉलिसी घेऊन उपयोग नाही, हे इथे अक्षरशः खरं आहे. आधीपासून असलेल्या आजारांसाठी आणि सांधेरोपणासाठी पूर्वी ४८ महिने थांबावं लागे, २०२४ च्या नियमांनंतर कमाल ३६. मोतीबिंदूला एका डोळ्यासाठी विमा रकमेच्या २५ टक्के किंवा ४०,००० यांतली कमी असेल ती रक्कम. बाळंतपण आणि ओपीडी अजिबात नाही.

चांगल्या बाजूही आहेत. ॲडमिट होण्याआधीचे ३० दिवस आणि नंतरच्या ६० दिवसांचा खर्च मिळतो. आयुर्वेद, होमिओपॅथी वगैरे आयुष उपचारांना पूर्ण विमा रकमेपर्यंत संरक्षण आहे, पण रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी. रिसॉर्टमधलं पंचकर्म त्यात येत नाही. रोबोटिक सर्जरी, स्टेम सेल अशा आधुनिक उपचारांना विमा रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत मिळतात. क्लेम न केलेल्या प्रत्येक वर्षी रक्कम ५ टक्क्यांनी वाढते, कमाल ५० टक्के. क्लेम केला तर ती त्याच वेगाने उतरते. ॲम्ब्युलन्सचे २,००० मिळतात, त्याबद्दल न बोललेलंच बरं.

कमाई महिन्यागणिक बदलते, म्हणून मासिक हप्त्याची सोय आकर्षक वाटते. ती आहे, पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. मासिक हप्त्याला सवलतीचे दिवस १५ आणि वार्षिकाला ३०. ऑटो-डेबिटच्या खात्यात त्या दिवशी पैसे नसले आणि पंधरवडा उलटला, तर पॉलिसी रद्द होते आणि तोवर भरत आलेला थांबण्याचा काळही वाया गेला. दुसरं, वर्षाच्या मध्ये क्लेम आला तर उरलेले सगळे हप्ते एकदम देय होतात आणि कंपनी ते क्लेममधून वळते करू शकते. ज्यांचा हंगामी धंदा आहे, लग्नसराईतला किंवा दिवाळीतला, त्यांनी हंगामात वार्षिक हप्ता भरून मोकळं व्हावं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला आहे, त्यामुळे जुन्या कोटेशनवर विसंबू नका. करात आरोग्य विम्याच्या हप्त्याची २५,००० पर्यंतची वजावट फक्त जुन्या करप्रणालीत, आणि हप्ता रोखीने भरला असेल तर तीही नाही.

या पॉलिसीत नसलेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे बुडालेली मजुरी. दुकान महिनाभर बंद राहिलं तर आरोग्य विमा एक पैसा देत नाही. त्यासाठी अशीच साचेबंद अपघात पॉलिसी आहे, सरल सुरक्षा बिमा. तिच्यात तात्पुरत्या पूर्ण अपंगत्वाचं ऐच्छिक कलम घेतलं, तर काम बंद असेपर्यंत दर आठवड्याला विमा रकमेच्या ०.२ टक्के मिळतात, कमाल १०० आठवडे. २५ लाखांच्या पॉलिसीवर आठवड्याला ५,०००. सुतार, वेल्डर, डिलिव्हरीवाला यांनी आरोग्य विम्यासोबतच हिचंही कोटेशन मागावं. आजारपणाला ही चालत नाही, फक्त अपघाताला.

'महात्मा फुले योजना असताना विमा कशाला?' हा प्रश्न महाराष्ट्रात रास्त आहे. शिधापत्रिकाधारक कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार तिथे मिळतात, पण ठरलेल्या यादीतले आणि अंगीकृत (योजनेशी जोडलेल्या) रुग्णालयांतच. तुमच्या तालुक्यातली कोणती रुग्णालयं यादीत आहेत हे आधी बघा. हाताशी चांगलं अंगीकृत रुग्णालय असेल तर पॉलिसी दुसऱ्या फळीत ठेवता येते. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेबद्दलही हाच हिशेब. बँकेच्या किंवा ॲपच्या स्वस्त ग्रुप पॉलिसीवर मात्र एकटी भिस्त नको. मूळ करार बँक आणि कंपनी यांच्यात असतो, तो त्यांनी थांबवला तर धावपळ तुमची.

मजकूर सारखाच असल्याने कंपनी निवडणं सोपं जातं. तुमच्या घरापासून तासाभरात पोचता येईल अशी तीन हॉस्पिटलं लिहून काढा, ती कोणाच्या नेटवर्कमध्ये आहेत ते हॉस्पिटलच्याच डेस्कवर विचारा, कारण वेबसाइटवरच्या याद्या शिळ्या असतात. मग उरलेल्या कंपन्यांचे आजच्या वयाचे आणि दहा वर्षांनंतरच्या वयाचे दर शेजारी शेजारी ठेवा. काही कंपन्या तिशीत स्वस्त आणि पंचेचाळिशीनंतर एकदम महाग होतात.

प्रपोजल फॉर्म एजंटला भरू देऊ नका, निदान आरोग्याच्या प्रश्नांचं पान तरी स्वतः भरा. बीपीची गोळी, थायरॉइड, जुनं ऑपरेशन, तंबाखू, सगळं लिहा. 'किरकोळ आहे, नको लिहू' हा सल्ला क्लेमच्या वेळी अंगाशी येतो. सलग ६० महिने पॉलिसी चालली की माहिती लपवल्याच्या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही, सिद्ध झालेली फसवणूक सोडून. पण पाच वर्षं आजारी न पडण्याची हमी कोण देणार?

ठरवून केलेल्या ऑपरेशनला किमान ४८ तास आधी कंपनीला कळवायचं, तातडीच्या वेळी दाखल झाल्यापासून २४ तासांत. कॅशलेसच्या पहिल्या अर्जावर एका तासात आणि डिस्चार्जच्या अंतिम मंजुरीवर तीन तासांत निर्णय द्यायचा, असं नियामकाने २०२४ मध्ये ठरवून दिलं आहे. डेस्कवाल्याने 'संध्याकाळपर्यंत होईल' म्हटलं तर अर्ज कंपनीकडे किती वाजता गेला ते विचारा, उशीर बऱ्याचदा तिथेच असतो. रिइम्बर्समेंटची (आधी बिल स्वतः भरून मग पैसे मागण्याची) मूळ कागदपत्रं डिस्चार्जनंतर ३० दिवसांत जायला हवीत, आणि देण्याआधी प्रत्येक पानाची झेरॉक्स ठेवा. क्लेम नाकारला तर कारण लेखी घ्या, कंपनीच्या तक्रार विभागाकडे लिहा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. मुंबई आणि पुणे दोन्हीकडे कार्यालय आहे, फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही.