इन्स्टा३६० एक्स४ : सह्याद्रीतल्या व्हीआर माहितीपटाला कितपत पुरतो?

दोन भिंगांनी चहूबाजूंचं चित्र एकदम टिपणाऱ्या या कॅमेऱ्याच्या डब्यावर मोठ्या अक्षरांत ‘८के’ लिहिलंय, त्याचा आधी हिशेब करू. रुंदीतले ७६८० पिक्सेल पूर्ण ३६० अंशांत वाटले जातात, म्हणजे अंशाला जेमतेम २१. व्हीआर बघायला डोळ्यांवर चढवतात त्या क्वेस्ट ३ हेडसेटचा पडदा अंशाला २५च्या आसपास दाखवतो. म्हणजे हेडसेटसाठी ८के ही चैन नव्हे, किमान गरज आहे. ५.७के या खालच्या दर्जात हाच आकडा १६वर येतो आणि समोरच्या डोंगरावरची झाडी हिरव्या शेवाळासारखी दिसू लागते. त्यामुळे मोबाइलवर फिरवून बघायच्या क्लिपांना ५.७के ठीक, माहितीपटाला ८के ३० फ्रेम, दुसरा पर्याय नाही.

एप्रिल २०२४मध्ये ४९९.९९ डॉलरला बाजारात आलेला हा कॅमेरा २०३ ग्रॅमचा आहे. सॅकच्या वरच्या कप्प्यात मावतो, आणि तीन तासांच्या चढाला हा गुण छोटा नाही.

खरी परीक्षा सांध्याची. दोन भिंगांची चित्रं जिथे जुळतात, तिथे मीटरभराच्या आतली वस्तू आली की ती तुटते किंवा अर्धी गायब होते. सांधण दरीत नेमकं सांधणंच फसतं ते यामुळे. तिथे कातळाच्या भिंती काही ठिकाणी हाताच्या अंतरावर येतात. सवयीने आपण एक भिंग दरीच्या पुढच्या टोकाकडे आणि दुसरं मागे करतो. मग सांधा बरोबर दोन्ही भिंतींवर पडतो आणि कातळाचे थर मध्येच पायरीसारखे सरकतात. त्याऐवजी भिंगं भिंतींकडे वळवा. सांधा दरीच्या लांबीला जातो, जिथे बहुतेक सगळं लांब आहे. शिवाय वरची उजेडाची पट्टी दोन्ही भिंगांना सारखी मिळते, म्हणून रंगातला फरकही कमी होतो. पायाखालचे धोंडे तेवढे बिघडतात, पण मान खाली घालून कुणी फार वेळ बघत नाही.

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर मामला उलटा. इंद्रवज्र दिसतं तेव्हा सूर्य पाठीशी असतो आणि गोल इंद्रधनुष्य समोर खालच्या धुक्यात. सपाट कॅमेऱ्यात सूर्य चौकटीबाहेर ठेवता येतो, इथे तो चौकटीत येणारच. सूर्य सांध्यावर आला तर दोन्ही भिंगांत वेगवेगळी चकाकी पडते आणि आकाशाचे दोन तुकडे दिसतात. म्हणून एक भिंग सरळ इंद्रवज्राकडे, दुसरं सूर्याकडे. एक्स्पोजर, म्हणजे चित्राचा उजेड, मॅन्युअल; आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, शटर धुक्यावरून ठरवायचं. सूर्याभोवतीचं आकाश पांढरं झालं तर होऊ द्या. ऑटोवर ठेवलं की प्रत्येक ढगाबरोबर चित्र उजळत-काळवंडत राहतं आणि हेडसेटमध्ये डोळे दुखतात. कड्यावरचा वारा खालून वर येतो. बारीक पायांचा स्टँड दगड लावून दाबा आणि सेल्फी-काठी सुरक्षा-दोरीने बांधल्याशिवाय कड्याबाहेर काढू नका.

कॅमेऱ्याची उंची दीड मीटर. शॉट किमान ३० सेकंद, हलता तर नकोच. बघणाऱ्याचे पहिले काही सेकंद आजूबाजूला मान फिरवण्यातच जातात. चालवणाऱ्याने खडकामागे लपायचं आणि मोबाइलवरून रेकॉर्डिंग सुरू करायचं.

कासच्या पठारावर मात्र हा कॅमेरा निराश करतो. सीतेची आसवं वितीएवढीही नसतात. दीड मीटरवरून ती नुसता जांभळा धूर दिसतात आणि कॅमेरा खाली नेला की पुन्हा सांध्याचं दुखणं. त्यात चित्र एकडोळी आहे, खोली नाही. अशा जवळच्या विषयाला दोन डोळ्यांसारखं बघणारं कॅननचं ५.२ एमएमचं जोडभिंग आणि १८० अंशांची चौकट बरी. ते परवडत नसेल तर फुलं साध्या कॅमेऱ्याने मॅक्रोत, म्हणजे अगदी जवळून, टिपा आणि ३६०च्या दृश्यात खिडकीसारखी बसवा.

बॅटरी २२९० एमएएचची. कंपनी ५.७केला १३५ मिनिटं सांगते, ८केमध्ये सव्वा तास धरा. दिवसभराला तीन बॅटऱ्या लागतातच. पॉवरबँक लावता येते, पण यूएसबीचं झाकण उघडं असताना १० मीटरचं जलरोधकपण संपतं. म्हणजे पावसात पॉवरबँक विसरा. उन्हाळ्यात वेगळी अडचण: कॅमेऱ्याची मर्यादा ४० अंश सेल्सिअस. स्टँडवर स्थिर ठेवलेल्या कॅमेऱ्याला वारा लागत नाही, ८के चालू असताना तो तापून बंद पडतो. एप्रिलच्या दुपारी पाच-पाच मिनिटांचे तुकडे घ्या, मध्ये सावलीत ठेवा.

भिंगांवरची संरक्षक झाकणं पावसाळ्यात हवीतच, पण ती कोरड्या खोलीत बसवा. धुक्यात बसवली तर आत अडकलेली वाफ नंतर बाहेरून पुसून जात नाही. झाकण लावल्यावर सेटिंगमध्ये तशी नोंद आहे का हे तपासा, नाहीतर सांधा सगळीकडेच चुकतो. आणि प्रत्येक शॉटआधी शॅमॉय कापडाने थेंब टिपा. हेडसेटमध्ये एक थेंब भोपळ्याएवढा दिसतो.

मेमरी कार्ड व्ही३० वेगाचंच. २०० एमबीपीएसने मिनिटाला दीड जीबी जातात, २५६ जीबीमध्ये पावणेतीन तास. आवाजासाठी कॅमेऱ्यातल्या माइकवर विसंबू नका. चहूबाजूंचा आवाज टिपणारा झूम एच३-व्हीआर रेकॉर्डर वारा अडवणाऱ्या केसाळ टोपीसकट त्याच स्टँडवर, कॅमेऱ्याच्या बरोब्बर खाली लावा आणि दोघांची पुढची बाजू एकाच दिशेला ठेवा. नाहीतर धबधबा डावीकडे दिसतो आणि उजवीकडे ऐकू येतो.

संकलन प्रीमियर या सॉफ्टवेअरमध्ये करत असाल तर एक्स्पोर्ट करताना व्हीआरची खूण न विसरता लावा. ती राहिली की यूट्यूब तुमचा कोकणकडा पोळीसारखा लाटून दाखवतं.

पहाट आणि संधिप्रकाश हाच विषय असेल तर याच कंपनीचा मोठ्या सेन्सरचा, ओरखडलेली भिंगं बदलता येणारा एक्स५ घ्या. एक्स४चा अर्ध्या इंचाचा सेन्सर अंधारात दाणेदार होतो आणि कितीही मलमपट्टी केली तरी कातळाचा पोत परत येत नाही. दिवसाउजेडी, लांबच्या डोंगररांगांसाठी मात्र एक्स४च घ्या आणि वाचलेले पैसे झूम आणि दोन जादा बॅटऱ्यांकडे वळवा.