कोल्हापूरहून मुंबईला जायचंय: उजळाईवाडीचं विमान की रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस?

उजळाईवाडी, म्हणजे कोल्हापूरचा विमानतळ, ते मुंबई विमानतळ हे सरळ रेषेतलं अंतर साधारण ३१० किलोमीटर. रेल्वेनं तीच मुंबई ५१८ किलोमीटर पडते, कारण गाडी आधी मिरजेला जाते आणि मग सांगली, कराड, सातारा, पुणे करत वर सरकते. एवढ्यावरच निकाल लावायचा मोह होतो.

विमानाचा तिकिटावरचा वेळ तासाभराचा. हवेत त्याहूनही कमी. पण मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, दोन्ही एकदम चालवता येत नाहीत, म्हणून गर्दीच्या वेळी वर घिरट्या ठरलेल्या. शिवाय कोल्हापुरातल्या राजारामपुरीतून विमानतळ गाठायला अर्धा तास, दीड-दोन तास आधी हजेरी, उतरल्यावर बॅगेची वाट, आणि काम मंत्रालयात किंवा फोर्टात असेल तर टॅक्सीत तास-सव्वा तास. पाच तास धरून चाला. तेही जागेपणीचे, कामाच्या दिवसातले.

हेही चाललं असतं. माझं मत फिरलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. आपल्याला न्यायचं विमान बहुतेक वेळा मुंबईहूनच येतं. तासाभराचं उड्डाण आणि इथं अर्धा तास थांबा, म्हणजे ते आपल्या वेळेच्या दीड तास आधी तिकडून निघायला हवं. तोवर आपण काउंटरवर बॅग देऊन बसलेलो! विमान अजून तिकडंच उभं आहे, हे कळतं तेव्हा परत फिरायची सोय उरलेली नसते. त्यात रद्द झालंच तर हा मार्ग पुणे-दिल्लीसारखा नाही, तासाभरानं दुसरं विमान मिळायला.

महालक्ष्मी रात्री नवाच्या सुमारास सुटते आणि सकाळी थेट सीएसएमटीला सोडते. साडेदहा-अकरा तास लागतात खरे, पण त्यातले सात-आठ झोपेतले. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. चुकलं तर आदल्या दिवशी तत्काळ, एसीचं सकाळी दहाला, स्लीपरचं अकराला. बर्थ दाराजवळचा नको, पहाटे पुण्यात उतरणाऱ्यांच्या बॅगा डोक्यावरून जातात. अंधेरीकडं काम असेल तर दादरला उतरून पश्चिमेची लोकल धरा.

पावसाळ्यात मात्र गाडीची फुशारकी नको. जुलै २०१९ मध्ये हीच महालक्ष्मी कोल्हापूरकडं येताना वांगणीजवळ पुरात अडकली होती, हजारभर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. अर्थात तसल्या पावसात विमानाचाही भरवसा नसतोच.

गुडघे दुखणारी आई-वडील सोबत असतील, काम बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात) असेल किंवा मुंबईहून पुढं उडायचं असेल, तर विमानच बरं. फक्त तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर मध्ये चार तास तरी ठेवा: बॅग स्वतः घेऊन पुन्हा द्यावी लागते, आणि टर्मिनल एक ते दोन जायला रस्त्यानं फिरून यावं लागतं. आणि पाहुण्यांसाठी नेलेलं लाल तिखट हातातल्या बॅगेत ठेवू नका, तपासणीत काढून घेतात. गाडीत ते सीटखाली निवांत जातं.