सरकारी पदासाठीचे अर्ज: वॉशिंग्टन यांचे दप्तर निवडावे की जेफरसन यांचे?

अमेरिकी प्रजासत्ताकाच्या पहिल्या वीस वर्षांत सरकारी पद कसे मागितले जाई आणि कोणाच्या शिफारशीने मिळे, या विषयावर प्रबंध लिहू पाहणाऱ्या विद्यार्थ्यापुढे दोन मोठी दप्तरे असतात: एक जॉर्ज वॉशिंग्टन यांच्याकडे आलेल्या अर्जांचे, दुसरे थॉमस जेफरसन यांच्याकडे १८०१ ते १८०९ या काळात आलेल्या अर्जांचे. एका सत्रात दोन्ही नीट वाचून होत नाहीत, म्हणून निवड करावीच लागते, आणि ती आपल्याला नेमका कोणता प्रश्न विचारायचा आहे यावरूनच करावी.

वॉशिंग्टन यांनी ३० एप्रिल १७८९ रोजी न्यूयॉर्कमध्ये शपथ घेतली, पण त्यापूर्वी कित्येक आठवडे माउंट व्हर्नन येथील त्यांच्या घरी अर्ज येऊ लागले होते. अर्ज करणाऱ्यांत व्हर्जिनियाचे माजी गव्हर्नर आणि स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारे बेंजामिन हॅरिसन यांच्यासारखा जुना स्नेहीही होता. त्यांना बंदरावरचे जकातीचे पद हवे होते. या पदांवरील अधिकाऱ्यांची मिळकत मुख्यतः फीवर आणि जकातीच्या वसुलीतील हिश्श्यावर ठरत असल्यामुळे गजबजलेल्या बंदरातील जागेवर सगळ्यांचा डोळा असे. वॉशिंग्टन यांनी हॅरिसन यांना इतरांना दिले तेच उत्तर दिले: कोणालाही शब्द न देता, मोकळ्या हातांनी मला पदभार घ्यायचा आहे. पुतण्या बुशरॉड याने व्हर्जिनियातील सरकारी वकिलाची जागा मागितली, तेव्हा त्याच्याहून अनुभवी वकिलांना डावलणे योग्य होणार नाही आणि सगळ्यांची नजर आपल्यावर आहे, असे त्यांनी त्याला स्पष्ट कळवले.

या दप्तराचे मोल अर्जदारांच्या भाषेत आहे. पक्ष अजून धड उभे राहिलेले नव्हते, त्यामुळे ‘मी तुमच्या बाजूचा आहे’ एवढे म्हणून भागत नसे. आपला हक्क कशावर आहे, हे ज्याचे त्याला मांडावे लागे: युद्धातली सेवा, बुडालेला व्यापार, पदरी असलेले कुटुंब. बाल्टिमोरच्या पोस्टमास्तर मेरी कॅथरिन गोडार्ड यांचा डिसेंबर १७८९ चा अर्ज आवर्जून वाचावा. चौदा वर्षे पोस्ट सांभाळल्यावर त्यांना काढण्यात आले होते, आणि या पदावर आता एखाद्या स्त्रीला झेपणार नाही इतका प्रवास करावा लागेल, असे कारण पुढे करण्यात आले होते. त्यांच्या बाजूने बाल्टिमोरच्या दोनशेहून अधिक नागरिकांनी सह्या केल्या. अर्जात त्या स्वतःबद्दल तृतीयपुरुषी लिहितात आणि युद्धकाळात टपाल नेणाऱ्या स्वारांचे पैसे आपण पदरच्या रोख रकमेतून भागवल्याची आठवण करून देतात. जानेवारी १७९० मध्ये वॉशिंग्टन यांनी उत्तर दिले की, ज्या नेमणुका थेट माझ्या अखत्यारीत नाहीत त्यांत मी हात घालत नाही. नियम म्हणून हे उत्तर बिनचूक आहे, पण त्या अर्जानंतर ते वाचताना मन खट्टू होते. तत्त्वनिष्ठ नकाराची किंमत कोणी मोजली, हे मला या एका प्रकरणात जितके स्पष्ट दिसते तितके दुसरीकडे कुठे दिसत नाही.

जेफरसन यांचे दप्तर उघडले की वारे बदललेले जाणवते. ४ मार्च १८०१ रोजी ते अध्यक्ष झाले तेव्हा बहुतेक जागांवर विरोधी फेडरलिस्ट पक्षाचे लोक होते, आणि मावळते अध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स यांनी जाता जाता आणखी नेमणुका करून ठेवल्या होत्या. अशाच एका अडवलेल्या नेमणुकीतून ‘मार्बरी विरुद्ध मॅडिसन’ हा सर्वोच्च न्यायालयाचा १८०३ चा गाजलेला निकाल निघाला. त्यावर विपुल लिहिले गेले असल्याने नव्या अभ्यासकाने तिथे फार रेंगाळू नये. त्याहून फलदायी प्रकरण कनेक्टिकटमधील न्यू हेवनचे आहे. तिथल्या बंदरातील जकातवसुली अधिकारी एलिझर गुडरिच यांना काढून सत्त्याहत्तर वर्षांच्या सॅम्युअल बिशप यांना नेमले, तेव्हा वय झालेल्या, नजर अधू झालेल्या माणसाला हे काम जमणार नाही, असा निषेध व्यापाऱ्यांनी लेखी नोंदवला. १२ जुलै १८०१ च्या उत्तरात जेफरसन यांनी विचारले की, पदांत आमच्या लोकांचा रास्त वाटा असायचा तर जागा रिकाम्या व्हायच्या कशा? मृत्यूने त्या क्वचितच होतात आणि राजीनाम्याने कधीच नाही. इथून पुढे अर्जदार राजकीय निष्ठेचे दाखले जोडताना दिसतात आणि मागच्या राजवटीत सोसलेला अन्याय हीच पात्रता ठरू लागते. अर्थमंत्री आल्बर्ट गॅलटिन यांना राजकीय मतांमुळे कोणालाही दार बंद होऊ नये, असे परिपत्रक त्याच उन्हाळ्यात काढायचे होते. जेफरसन यांनी तत्त्व मानले, पण आधी वाट्याचा तोल साधू द्या, म्हणून ते थांबवले.

सोयीचा विचारही करायला हवा. वॉशिंग्टन यांच्याकडचे अर्ज लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये स्वतंत्र मालिकेत आहेत आणि जेफरसनकालीन अर्ज नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये. दोघांचाही बराचसा पत्रव्यवहार ‘फाउंडर्स ऑनलाइन’ या संकेतस्थळावर विनामूल्य असल्याने तो पुण्यात किंवा नागपुरात बसून वाचता येतो. वॉशिंग्टन यांच्या छापील खंडांत अनेक अर्ज तळटिपांत सारांशाने येतात, त्यामुळे टिपा गाळून चालत नाही. जेफरसन आलेल्या पत्रावर पोचल्याची तारीख टाकत आणि नोकरीचा अर्ज असेल तर ‘ऑफिस’ अशी खूण करत, म्हणून त्यांच्याकडचे अर्ज वेगळे काढणे सोपे जाते.

पक्षाने राज्ययंत्रणा कशी ताब्यात घेतली, हा ज्याचा प्रश्न आहे त्याने जेफरसन यांचे दप्तर घ्यावे. पण पहिल्यांदाच मूळ कागदपत्रे हाताळणाऱ्याला मी वॉशिंग्टन यांचे सुचवीन, कारण तिथे प्रत्येक अर्जदार आपल्या शब्दांत आपली बाजू उभी करतो. निर्णय तरीही होत नसेल, तर गोडार्ड यांच्या अर्जाशेजारी जेफरसन यांनी जानेवारी १८०७ मध्ये गॅलटिन यांना लिहिलेले छोटे पत्र ठेवून पाहावे. स्त्रीला पदावर नेमणे या नव्या गोष्टीला जनता तयार नाही आणि मीही नाही, असे त्यात त्यांनी लिहिले आहे.