म्हापशातली जुने दाखले शोधून देणारी सर्व्हिस: शोध भारी, रिपोर्ट डोळ्यात तेल घालून बघा

सरळ सांगतो, शोधाला पाचपैकी साडेचार, रिपोर्टला दोन. म्हापशात मार्केटजवळ वरच्या मजल्यावर छोटंसं ऑफिस आहे, जन्म-लग्नाचे जुने दाखले, वंशावळ वगैरे काढून देतात, बहुतेक गिऱ्हाईक पोर्तुगीज पासपोर्टवालं, म्हणजे आजी-आजोबांची 19 डिसेंबर 1961 च्या, म्हणजे गोवा मुक्तीच्या आधीची नोंद हवी असलेलं. आमचं तसलं काही नव्हतं, पणजोबा नक्की कुठले एवढंच हवं होतं, कारण मृत्यूच्या दाखल्यावर पेडणे आणि सगळे काका म्हणणार आरोंदा. मध्ये फक्त तेरेखोलची नदी हो, पण तेव्हा अलीकडे पोर्तुगीज आणि पलीकडे सावंतवाडी संस्थान, सोयरीक दोन्हीकडे, त्यात पेडणं स्वतःच 1788 पर्यंत सावंतवाडीकरांकडे. म्हणजे एका घराण्याचे कागद अर्धे मोडीत, अर्धे पोर्तुगीजमध्ये.

इथले भाई दोन्ही वाचतात. जन्माच्या नोंदीमागे न लागता त्यांनी आधी लग्नाची काढली, पोर्तुगीज काळातली, त्यात नवरा-नवरीचं जन्मगाव आणि आईबापांची नावं मिळतात म्हणाले. आमचं आडनाव परब म्हणून शोधलं तर काहीच नाही, पोरोब असं गोव्याकडच्या स्पेलिंगने बघितल्यावर सापडलं, आणि नवऱ्याचं गाव स्वच्छ आरोंदा. वर देवळातली महाजनांची, म्हणजे देवस्थानच्या वंशपरंपरागत मानकरी घराण्यांची यादी पण बघायला लावली, घराणं आहे त्यात, फक्त पुरुषांचीच नावं, पणजी कुठेच नाही, आता तो काय यांचा दोष नाही.

रिपोर्ट हातात आला आणि डोकं फिरलं. छापील चार्टवर जन्मस्थळ 'आरोंदा, जि. सिंधुदुर्ग, महाराष्ट्र'. अरे माणूस 1909 चा, महाराष्ट्र झाला 1960 ला आणि सिंधुदुर्ग जिल्हा 1981 ला! काउंटरवरचा मुलगा म्हणतो सॉफ्टवेअरमध्ये ड्रॉपडाउनच तसा आहे. उद्या आमच्या नातवंडांनी हा चार्ट धरून सिंधुदुर्गच्या जिल्हा मुख्यालयात, ओरोसला जाऊन 1909 ची सिंधुदुर्गातली नोंद मागितली म्हणजे झालं कल्याण. शेवटी भांडून 'सावंतवाडी संस्थान' असं हाताने लिहून वर शिक्का मारून घेतला.

मोडी वाचायचे पैसे वेगळे लावतात आणि ते बिल हातात आल्यावर कळतं. गेलात तर मूळ नोंदीची सर्टिफाइड कॉपी मागा, फ्रेमवाला चार्ट अजिबात घेऊ नका. आणि भाईंनाच भेटा, सकाळचेच, दुपारी शीतकडी जेवायला घरी गेले की ते काही परत येत नाहीत.