तीस रुपयांची पुस्तिका, सहा आठवड्यांची सोबत

ईस्टरआधीचा आमचा उपवासकाळ राखेच्या बुधवारी सुरू होतो. त्या दिवशी सकाळच्या मिस्सानंतर (चर्चमधल्या उपासनेनंतर) चर्चच्या दारात टेबल मांडलं होतं, तिथून उपवासकाळाच्या रोजच्या मननाची ही पुस्तिका घेतली. किंमत 30 रुपये. हाताच्या पंजाएवढा आकार, मध्ये दोन पिना. कोणी लिहिली, कोणी काढली, कुठेच छापलेलं नाही, आत फक्त 'धर्मग्रामाच्या वापरासाठी', म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांसाठी, एवढंच आहे. 18 फेब्रुवारी ते 4 एप्रिल असे 46 दिवस आणि रोजचं एक पान. (रविवार वजा केले की 40 उरतात, तेच आपले उपवासकाळाचे चाळीस दिवस.) पानावर आधी त्या दिवसाच्या मिस्सातल्या बायबलच्या वाचनाचा उतारा, मग दहा-बारा ओळींचं मनन, मग एक छोटं काम आणि खाली तीन कोऱ्या ओळी.

मी वसईहून रोज सकाळी चर्चगेट लोकल पकडते. बसायला मिळालं तर बोरिवली यायच्या आत पान वाचून होतं, उभी असले तर अंधेरीपर्यंत पुरतं. याआधी मोबाइलवर येणारी मननं ऐकून पाहिली होती. ती चांगली असतात, पण येतात सातनंतर आणि तोवर कानात गाडीचा खडखडाट भरलेला असतो. पुस्तिका पर्समध्ये असते. पहिल्या पानाच्या कडेला माझ्या कपाळावरच्या राखेचं बोट उमटलंय. मागच्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरआधीच्या रविवारी) आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून केलेली ती राख, मी ती तशीच राहू दिली.

मला ही पुस्तिका आवडली ती त्या कामांमुळे. नुसतं 'प्रार्थना करा, त्याग करा' असं त्यात नाही. पहिल्याच शुक्रवारी बायबलमधल्या यशया संदेष्ट्याचा 58 वा अध्याय होता. खरा उपास म्हणजे आपली भाकर भुकेल्याबरोबर वाटून खाणं, असं तो सांगतो. खाली काम दिलं होतं: आज घरचं नसलेल्या एका माणसाबरोबर काहीतरी वाटून खा. यंदा रमजान आपला उपवासकाळ सुरू झाला त्याच आठवड्यात सुरू झाला. आमच्या डब्यातल्या एका मैत्रिणीचे रोजे होते आणि परतीच्या गाडीतच ते सोडायची वेळ व्हायची. त्या संध्याकाळी मी तिच्यासाठी केळी नेली. दिवसभर माझाही एकच जेवणाचा उपास होता. आम्ही दोघींनी मिळून ती खाल्ली. पुढे तो महिनाभर शिरस्ताच पडला.

मात्र खरी कसोटी लागली ती 10 मार्चला, तिसऱ्या आठवड्याच्या मंगळवारी. उतारा मत्तयच्या शुभवर्तमानातला, येशूने सांगितलेल्या क्षमा न करणाऱ्या चाकराच्या गोष्टीचा: राजा त्याचं मोठं कर्ज माफ करतो, पण तो आपल्या सोबत्याचं छोटं कर्ज सोडत नाही. लहानपणापासून ऐकलाय, पण इथे हिशोब मांडून दाखवला होता. एक दिनार म्हणजे मजुराचा एक दिवसाचा रोज. एक तालांत म्हणजे साधारण 6,000 दिनार. राजाने सोडलेलं कर्ज 10,000 तालांत, म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. आणि त्या चाकराचं दुसऱ्याकडे अडकलेलं येणं 100 दिनार. आजवर प्रवचनांत 'अगदी क्षुल्लक रक्कम' असंच कानावर पडलेलं. पुस्तिकेने म्हटलंय, क्षुल्लक कशी? शंभर दिवसांची कमाई आहे, ज्याची बुडाली त्याला ती टोचणारच. टोचतं हे येशू नाकारत नाही, त्या सहा कोटींशेजारी ठेवून बघ म्हणतो.

मी पुस्तिका मिटली. माझ्या धाकट्या दिरांनी पाच वर्षांपूर्वी आमच्याकडून चाळीस हजार नेले, ते आलेच नाहीत. त्या दिवशीचं काम होतं: ज्याच्याकडे तुमचं येणं आहे, त्याच्यासाठी नाव घेऊन प्रार्थना करा. दादर आलं तरी मला ते नाव घेववेना. कोऱ्या ओळीवर पेन्सिलीने नुसतं पहिलं अक्षर लिहून ठेवलं.

रात्री जेवणं झाल्यावर दिवसाचं पान मी सासूबाईंना वाचून दाखवते. त्यांना वाचता येत नाही, म्हणून मजकूर कानाला कसा लागतो ते मला लगेच कळतं. मननाची भाषा घरातली आहे, ती त्यांना एका वाचनात समजते. त्या दिवशी सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी स्वतःच धाकट्याचं नाव मोठ्याने घेतलं, हात जोडले आणि माझ्याकडे बघत थांबल्या. मग मीही घेतलं. पैशांचं अजून काही झालेलं नाही, पण नाव आता घेता येतं.

आता उणिवा. मोठी चूक म्हणजे सणांचा विचारच केलेला नाही. 19 मार्चला संत योसेफचा सण, त्या दिवशी मिस्साची वाचनं वेगळी असतात. पुस्तिकेत मात्र चौथ्या आठवड्याच्या गुरुवारचं नेहमीचं वाचन, इस्राएल लोकांनी केलेल्या सोन्याच्या वासराचं, दिलंय. मी ते आदल्या रात्री मन लावून वाचून गेले आणि वेदीवरून भलतंच सुरू झालं. 25 मार्चला, देवदूताने मरियेला दिलेल्या निरोपाच्या सणालाही तेच. तारखा सगळ्यांना ठाऊक असतात, दोन पानं बदलणं अवघड नव्हतं. दुसरं, उताऱ्यांचा टाइप फार बारीक आहे, पन्नाशीनंतर हलत्या गाडीत तो डोळ्यांना पेलत नाही. आणि पिना कच्च्या. पाचव्या आठवड्यात मधली पानं सुटली, मी ती सुई-दोऱ्याने शिवून घेतली.

पवित्र आठवड्याची, म्हणजे ईस्टरआधीच्या शेवटच्या आठवड्याची पानं सर्वांत कमी मजकुराची आहेत आणि ते योग्यच आहे. उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) पानावर क्रुसावरच्या दुःखसहनाच्या उताऱ्याखाली मनन नाही, कामही नाही, फक्त कोऱ्या ओळी आहेत. त्या माझ्याही कोऱ्याच राहिल्या.

तुमच्या धर्मग्रामात अशी पुस्तिका निघत असेल तर राखेच्या बुधवारीच घ्या, आमच्याकडे रविवारपर्यंत संपली होती. पेन्सिल सोबत ठेवा, कागद पातळ असल्यामुळे पेनाची शाई मागे उमटते. पुढच्या वर्षी मी दोन घेणार आहे. सासूबाईंना वाचता येत नसलं तरी उशीखाली ठेवायला त्यांना स्वतःची हवी आहे.