टीकिंटर: रकमांची रांग लावताना

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझ्या मामांचा टॉवेलचा कारखाना आहे. तिथल्या बिलांचा प्रोग्राम मी पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिला आणि स्क्रीन टीकिंटरवर, म्हणजे पायथनमधून खिडक्या, बटणं, चौकटी बनवायच्या साधनावर बांधली. विंडोजवर पायथन बसवलं की टीकिंटर सोबतच येतं, पैसेही लागत नाहीत. कारखान्यातल्या जुन्या कम्प्युटरला ते झेपलं. पाचपैकी चार स्टार देते. इथे लिहितेय ते फक्त मजकूर डाव्या-उजव्या कडेला लावण्याबद्दल, कारण माझा सगळ्यात जास्त वेळ त्यातच गेला.

गिऱ्हाइकाचं नाव, पेठ, गाव अशा तीन ओळी लेबलमध्ये, म्हणजे स्क्रीनवर नुसता मजकूर दाखवणाऱ्या पट्टीत टाकल्या, तर त्या लग्नपत्रिकेसारख्या मधोमध आल्या. जस्टिफाय लेफ्ट दिलं. ओळी एकीखाली एक सरळ झाल्या, पण अख्खा पत्ता ग्रिडच्या, म्हणजे स्क्रीनच्या आडव्या-उभ्या खणांच्या मांडणीतल्या आपल्या खणाच्या मध्येच राहिला. जस्टिफाय बघतं ते फक्त ओळींचं आपसातलं नातं. मजकूर लेबलच्या कुठल्या कडेला टेकवायचा हे अँकर ठरवतं, आणि त्याला दिशा सांगाव्या लागतात: डावीकडे पश्चिमेचा डब्ल्यू, उजवीकडे पूर्वेचा ई. मी डब्ल्यू दिला तरी पत्ता जागचा हलेना. कारण लेबलच मजकुराएवढं होतं, सरकायला आत जागाच नव्हती. ग्रिडच्या खणात लेबल दोन्ही कडांपर्यंत ताणायला स्टिकी लागतं. ते दिल्यावर पत्ता डाव्या कडेला जाऊन बसला. तीन वेगळे शब्द शिकायला दोन रात्री गेल्या, पण कामं खरंच तीन आहेत, त्यामुळे मला ही रचना पटली.

मग बिलाचा तक्ता, म्हणजे ट्रीव्ह्यू. त्यात सगळे कॉलम आपोआप डावीकडून सुरू होतात. 960 आणि 12,480 एकाखाली एक, दोन्ही डाव्या कडेला चिकटलेले. आमचे दिवाणजी चष्मा वर करून म्हणाले, "बाळ, एककाखाली एकक यायला पाहिजे. नजर खाली सोडली की बेरीज झाली पाहिजे." त्यांचं शंभर टक्के बरोबर होतं. कॉलमचा अँकर ई केला, आकडे उजवीकडे गेले, पण वरचं 'रक्कम' हे शीर्षक मध्येच! शीर्षकाचा अँकर वेगळा द्यावा लागतो. एक स्टार कापला तो इथे.

रक्कम टाइप करायची चौकट मात्र 'एंट्री' या प्रकारची आहे, तिथे जस्टिफाय राइट एवढंच पुरतं.

सुताचं वजन मात्र अवघड गेलं. 8.5 आणि 112.25 किलो उजवीकडे लावले की दशांशचिन्हं पुढेमागे होतात. ट्रीव्ह्यूत त्यावर सोय सापडली नाही, म्हणून प्रत्येक आकडा तीन दशांश स्थळांपर्यंत लिहून घेतला. टेक्स्ट विजेटमध्ये, म्हणजे अनेक ओळींचा मजकूर मावणाऱ्या चौकटीत मात्र टॅबला (टॅब दाबल्यावर मजकूर जिथे थांबतो त्या जागेला) 'न्यूमेरिक' प्रकार देता येतो, आणि आकडे बरोबर दशांशचिन्हावर जुळतात. रोजच्या सुताच्या आवकेचा रिपोर्ट मी त्यावरच केलाय. दिवाणजी आता तो कागदावर न उतरवता स्क्रीनवरच बोट फिरवत वाचतात.