राऊटर टेबल बनवताय? मला फसवणारा माणूस माझं टेबल पूर्ण व्हायचीच वाट बघत होता

आधीच सांगून टाकतो, टेबल एकदम झकास झालंय. फेन्स (लाकूड जिला टेकवून सरकवतो ती आडवी पट्टी) सरळ, टॉप सपाट, भुसा ओढायचं तोंड बरोबर जागेवर, समोर लाल स्विच. बोंब आहे ती टेबलाच्या खाली उलट्या लटकवलेल्या राऊटरची, म्हणजे लाकडात खाचा पाडणाऱ्या आणि कडांना आकार देणाऱ्या मशीनची. ते मशीन, त्याची प्लेट आणि सोबतचा बिटचा (त्यात लावायच्या पात्यांचा) सेट, तिन्हीमधे मला व्यवस्थित टोपी घातली गेली, आणि गंमत म्हणजे टोपी घातलीय हे कळायला मला महिना लागला, तो महिना कसा गेला तेच सांगायचंय कारण खरी फसवणूक तिथेच आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हातातला राऊटर लाकडावर फिरवतो ना, तोच उलटा करून टेबलाखाली बसवायचा, बिट टेबलातून वर येतं आणि मग मशीन जागेवर राहतं, आपण लाकूड सरकवतो. लहान पट्ट्या, फ्रेमच्या कडा, ड्रॉवरच्या खाचा, हे हातातल्या मशीनने करायला गेलं की क्लॅम्प लावायलाच जागा उरत नाही आणि बोटं नको तितकी जवळ जातात. म्हणून टेबल. माझ्याकडे एक ट्रिमर, म्हणजे एका हातात मावणारा छोटा राऊटर होता पण टेबलाला मला अर्ध्या इंचाचा (म्हणजे तेवढ्या जाड दांड्याचं बिट घेणारा), दमदार, स्पीड कमीजास्त होणारा राऊटर हवा होता, कारण दरवाजाच्या पॅनलचं मोठं बिट लावायचं स्वप्न होतं.

नवीन घ्यायची ऐपत नव्हती असं नाही, पण जुनं घेऊन वाचलेल्या पैशात चांगलं प्लाय घेऊ असा हिशोब. ऑनलाइन शोधताना एक जाहिरात दिसली. वर्कशॉप बंद करतोय, अर्ध्या इंचाचा राऊटर, २२०० वॉट, जेमतेम वापरलेला, सोबत टेबलात बसवायची फिनॉलिकची (कडक प्लास्टिकसारखी, जिला खालून राऊटर अडकवतात ती) प्लेट आणि १२ बिट. फोटो स्वच्छ, लेबल स्पष्ट. व्हिडिओ मागितला तर पाच मिनिटांत आला, मशीन चालू, आवाज एकदम मऊ, मागून माणूस म्हणतोय "आवाज ऐका सर, लोण्यासारखा".

बोलायला तर इतका गोड की काय सांगू. मी त्याला टेबलाचं ड्रॉइंग पाठवलं (नको तिथे शहाणपणा), तर म्हणे "सर तुम्ही शिकून आलाय का कुठून, फेन्सची आयडिया भारी आहे". मी फुगलो. आपलं ड्रॉइंग कुणी इतकं मन लावून बघितलं की माणूस फुगतोच, घरात तर कुणी बघत नाही. मग म्हणाला, साइटवरून पैसे दिले तर कमिशन कापतात, थेट पाठवा, त्याबदल्यात मी तुम्हाला १५ दिवसांची परतीची हमी देतो, लिहून देतो. आणि खरंच मेसेजमधे लिहून दिलं. मी पैसे पाठवले. ही चूक शंभर टक्के माझी, त्यावर मला शिव्या घालायच्या असतील तर घाला, बायकोने ऑलरेडी घातल्यात.

पार्सल आलं, पॅकिंग चांगलं होतं. उघडलं तर राऊटरच्या दोन खांबांवरच्या स्प्रिंगा काढलेल्या. विचारलं, तर त्याने जे उत्तर दिलं ते नीट वाचा कारण सगळी मेख त्यात आहे. "सर हे टेबलासाठी सेट केलेलं मशीन आहे, स्प्रिंग काढल्या की उलटं लटकवून उंची ॲडजस्ट करायला सोपं जातं, पण त्यामुळे हातात चालवू नका, धोका आहे, टेबलात बसवूनच चालवा."

आता यातली पहिली अर्धी गोष्ट खरी आहे. टेबलात कायमचं लावायचं असेल तर बरेच लोक प्लंजच्या (मशीन खांबांवरून खाली दाबायच्या सोयीच्या) स्प्रिंगा काढतात, नाहीतर उंची वाढवताना स्प्रिंगच्या विरुद्ध ढकलत बसावं लागतं. हे मला माहीत होतं म्हणून मला वाटलं, वा, माणूस जाणकार आहे. अर्ध्या खऱ्याला चिकटून दुसरं अर्धं आत आलं. मी मशीन फक्त दहा सेकंद बिट न लावता चालवलं, आवाज व्हिडिओसारखाच, बंद केलं, बाजूला ठेवलं आणि टेबलाच्या मागे लागलो.

आणि टेबलाला वेळ लागतोच हो. १८ मिलीचे दोन प्लाय चिकटवून ३६ मिलीचा टॉप, वरून खालून दोन्हीकडे सनमायका, कारण एकाच बाजूला लावला तर हवेतल्या ओलीने टॉप वाकतो. ग्लू सुकायला वेळ, एक रविवार त्यातच. मग प्लेटसाठी भोक आणि त्याच्या कडेने प्लेट बसायला खाच. तिथे कळलं की प्लेट एका कोपऱ्यात ९.१ मिली आणि दुसऱ्या कोपऱ्यात ९.६. मी म्हटलं चालायचंच, खालून लेव्हलिंगचे स्क्रू लावू. पट्टी आडवी ठेवून बघितलं तर मधे प्रकाश दिसत होता, तेही चालवून घेतलं. मधेच तो स्वतःहून मेसेज करायचा, "सर कुठपर्यंत आलं, घाई करू नका, फेन्स निवांत बनवा, तीच तर खरी". मला वाटायचं किती आपुलकी. चार रविवार गेले. टेबल पूर्ण झालं त्या दिवशी मी उत्साहात फोटो काढून पहिल्यांदा कुणाला पाठवला असेल तर त्याला. त्याने तीन अंगठे पाठवले.

मोजून बघा, चार रविवार म्हणजे १५ दिवस कधीच उलटून गेलेले.

पहिला कट मऊ लाकडावर, ३ मिली, मस्त निघाला. मी दोघातिघांना बोलावून दाखवला पण. दुसऱ्या दिवशी सागाची पट्टी घेतली, ६ मिली खोल खाच, उजवीकडून डावीकडे सरकवतोय, अर्ध्यात गेल्यावर लाकूड जड लागायला लागलं, जळल्याचा वास. थांबवलं. खाच सुरुवातीला ६ मिली आणि शेवटाला ९! म्हणजे चालता चालता बिट वर आलं होतं. अंगावर काटा आला कारण ते तसंच वर येत राहिलं असतं तर कोलेटमधून (बिट धरणाऱ्या चिमट्यातून) सुटून कुठे गेलं असतं सांगता येत नाही.

आधी मला वाटलं माझंच चुकलं. उंचीचा लॉक सरकला असेल. मग वाटलं बिट कोलेटच्या तळाला टेकवून कसलं असेल, तसं केलं की नट घट्ट लागल्यासारखा वाटतो पण पकड बसत नाही, पण मी नेहमी तळाला टेकवून दोन तीन मिली वर घेतो मगच कसतो. मग एका अनुभवी मिस्त्री काकांनी सांगितलेली युक्ती केली, शँक (बिटचा दांडा) आणि नटवर मिळून मार्करने एक आडवी एक उभी रेघ मारली आणि परत हलका कट घेतला. लॉक जागच्या जागी, रेघ मात्र तुटलेली. म्हणजे शँकच घसरतेय.

व्हर्निअर (बारीक माप घ्यायचं साधन) लावला. शँक बरोबर १२.० मिली. अर्धा इंच म्हणजे १२.७. बाराच्या बारा बिट अर्ध्या इंचाचे म्हणून दिलेले आणि सगळे १२ मिलीचे. कोलेट १२.७ चं. ०.७ मिली म्हणजे काय एवढं असं वाटेल, पण कोलेट मिटतं ते अगदी थोडंसं, त्याहून बारीक शँक घातली की ते सगळीकडून न धरता फक्त टोकाला चिमटीत पकडतं, नट मात्र हाताला घट्टच लागतो. तेच ६ मिली आणि पाव इंचाचं, पाव इंच म्हणजे ६.३५, तिथेही लोक "सेमच असतं" म्हणून खपवतात. सेम नसतं.

फोन केला. "सर १२ आणि अर्धा इंच एकच, जगभर चालतं." मी म्हटलं दादा जगाचं सोडा, माझं बिट बाहेर येतंय. म्हणाला जोर लावून कसा.

बरं, बिटांवर पाणी सोडलं, म्हटलं मशीन तरी आहे. एक खरं अर्ध्या इंचाचं बिट विकत आणलं. आता घसरणं बंद, पण दोन मिनिटं लोड पडला की मागच्या फटींतून निळ्या ठिणग्यांचं रिंगण आणि वास. स्पीडचा डायल १ पासून ६ पर्यंत फिरवला, आवाजात सुतभर फरक नाही. मग मात्र मी उघडलं. उघडताना दिसलं की स्क्रूच्या डोक्यांवर आधीच ओरखडे आहेत, हे मी पार्सल आलं तेव्हाच का नाही बघितलं देव जाणे.

आत काय, स्पीडचं मॉड्यूल काढून सरळ वायर जोडलेली. डायल नुसता शोभेचा. कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कोळशाचे तुकडे) झिजून नखाएवढे राहिलेले, ते ज्यावर घासतात तो कम्युटेटर काळा पडून खाचा पडलेल्या आणि वरून पॉलिश पेपर मारलेला. बेअरिंगमधे घट्ट ग्रीस ठासून भरलेलं, तोच तो लोण्यासारखा आवाज! खांबावर उभ्या चिरा, म्हणजे स्प्रिंगा टेबलासाठी नाही काढल्या, प्लंज अडकत होता म्हणून काढल्या. आणि २२०० वॉटचं लेबल कोपऱ्यातून नखाने उचललं तर खाली दुसरं लेबल, त्यावर १२००.

मला सगळ्यात जास्त राग येतो तो डायलचा. बाकी नुकसान पैशाचं. पण मी त्यात ८० मिलीचं पॅनलचं बिट लावणार होतो, आणलं पण होतं. एवढं मोठं बिट १० हजार आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) आसपास चालवायचं असतं, त्यावर कडेचा वेग ताशी दीडशे किलोमीटरच्या घरात. डायल १ वर ठेवून मी निर्धास्त चालू केलं असतं आणि ते २२ हजारांवर सुटलं असतं तर तीच कड ताशी ३३० किलोमीटरच्या पुढे. हिशोब घालून बघितला आणि चहा गार झाला तरी हलता येईना.

परत फोन. आता स्वर बदललेला. "सर १५ दिवस कधीच झाले." मी म्हटलं तुम्हीच टेबलात बसवूनच चालवा म्हणालात. "मग टेबल लवकर बनवायचं ना." हे वाक्य मी विसरणार नाही. मग मी आतले फोटो पाठवले तर "तुम्ही उघडलंत, आता जबाबदारी तुमची". मग ब्लॉक. साइटवाल्यांना तक्रार केली, त्यांचं म्हणणं व्यवहार आमच्याकडून झालाच नाही. बरोबरच आहे त्यांचं.

तर आता कुणी जुना राऊटर घेत असेल आणि मला विचारत असेल तर मी आधी हेच म्हणतो की टेबलाला हात लावू नका. मशीन आलं त्या दिवशी एखाद्या फळीला भोक पाडून खालून कच्चं का होईना बसवा, घोडीवर क्लॅम्प करा, खऱ्या मापाचं स्वतःचं बिट लावा आणि कडक लाकडावर दहा मिनिटं हलके हलके कट घ्या. रिकामं फिरणारं मशीन सगळंच गोड बोलतं, विकणाऱ्यासारखं. डायल फिरवून कानाने ऐका, सूर चढला उतरला पाहिजे. प्लग काढून ब्रशची झाकणं उघडा, बऱ्याच मशीनला ती बाहेरूनच असतात, एका स्क्रूड्रायव्हरचं काम. आणि वजनकाटा! अर्ध्या इंचाचे मोठे प्लंज राऊटर साडेपाच सहा किलोचे असतात, माझं पावणेचार भरलं, तेवढं जरी पहिल्या दिवशी केलं असतं तरी पुढचं सगळं टळलं असतं. काटा स्वयंपाकघरातच होता.

प्लेटचं वेगळंच रडगाणं. तिचं माप कुठल्याच चालू मापाशी जुळत नाही आणि माझं भोक तिच्या मापाचं कापलेलं. शेवटी १० मिलीच्या ॲल्युमिनियमची प्लेट त्याच मापात कापून घेतली, आणि सध्या खाली माझा जुना ट्रिमर लटकवलाय, एवढ्या मोठ्या टेबलाखाली तो म्हणजे हत्तीच्या पायात बेबीचा बूट.

आणि मागच्या आठवड्यात सहज त्या साइटवर गेलो तर नवीन जाहिरात. नाव दुसरं, वर्कशॉप बंद करतोय, अर्ध्या इंचाचा राऊटर, प्लेट आणि १२ बिट. तिसरा फोटो उघडला आणि बघतच राहिलो. खाली लिहिलंय "याच मशीनवर बनवलेलं टेबल". फेन्स माझी, लाल स्विच माझा, कोपऱ्यात टॉपवर ठेवलेला हात पण माझाच.